मत गावात, माणूस कुवेतला

निवडणूक जाहीर झाली की पेण-रोह्याच्या आपल्या बौद्धवाड्यांत दोन याद्या बाहेर निघतात. एक सरकारी, मतदारांची. दुसरी वाडीतल्या तरुणांनी शाळेच्या वहीत केलेली. तिच्यात दोनच रकाने असतात, गावात कोण आणि बाहेर कोण. पूर्वी बाहेरच्या रकान्यात बहुतेक नावांपुढे एकच शब्द असायचा, मुंबई. मुंबईकराला निरोप गेला की तो रात्रीच्या एस.टी.ने, नाही तर दिव्याहून रोह्याच्या गाडीने येई, मत देई आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर होई. आता त्या रकान्यात कुवेत, कतार, दुबई, सौदी असेही शब्द दिसतात. त्यांनाही निरोप जातो. माणूस मात्र येत नाही, कारण तो येऊ शकत नाही.

या माणसाविषयी आपल्या समाजात फारसे बोलले जात नाही. तो पैसे पाठवतो. त्यातून घरावर स्लॅब पडतो, बहिणीचे लग्न होते, विहाराला वर्गणी येते. त्याच्या मताचे काय झाले, असे कोणी विचारीत नाही. आम्हाला हा प्रश्न खऱ्या अर्थाने टोचला तो परक्या देशात राहून एक सार्वत्रिक निवडणूक डोळ्यांनी पाहिल्यावर. एक नव्हे, दोन निवडणुका. एक तिथली, समोर घडणारी. दुसरी आपली, मोबाईलच्या काचेतून दिसणारी. दोन्हीकडे आम्ही फक्त बघे होतो.

रोह्याचा कारकून आखातात

आपल्या भागातून आखातात कोण जाते? रोह्याजवळचे धाटाव, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना, पेण तालुक्यातला डोलवीचा पोलाद कारखाना, या ठिकाणी ठेकेदाराच्या हाताखाली काम करून तयार झालेला माणूस जातो. वेल्डर, फिटर, रिगर, पाइपवर चढून परांची बांधणारा, क्रेनचा ड्रायव्हर. आय.टी.आय.चे प्रमाणपत्र आणि पाच-सात वर्षांचा अनुभव एवढी त्याची शिदोरी. कायम नोकरीची आशा संपली की तो एजंटाकडे पासपोर्ट देतो.

आम्ही बी.कॉम. हातात हत्यार नाही, पेन आहे. धाटावला एका ठेकेदाराकडे हजेरी आणि पगारपत्रकाचे काम बरीच वर्षे केले. तेच काम करायला २०२३ साली दोन वर्षांच्या करारावर कुवेतला गेलो. तिकडे त्याला टाइमकीपर म्हणतात. किती माणसे पाळीवर आली, किती तास राबली, याची नोंद ठेवायची. एका खोलीत सहा जण राहत होतो. त्यात दोघे रायगडचे, एक तेलंगणाचा, एक बिहारचा, दोघे केरळचे. चळवळीची सवय असल्याने रात्री जेवणानंतर देशाची चर्चा निघायचीच.

कुवेत हा देश आपल्या चार-पाच जिल्ह्यांत मावेल एवढा. लोकसंख्या तेव्हा ५० लाखांच्या आत. त्यातले तिथले नागरिक साधारण एक तृतीयांश. बाकी सगळे आमच्यासारखे बाहेरून पोट भरायला आलेले. त्यात सर्वांत मोठी संख्या भारतीयांची, सुमारे १० लाख. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

४ एप्रिल २०२४ : त्यांचे मतदान

आखातातल्या देशांत राजेशाही आहे. पण कुवेतला १९६२ सालची लिखित राज्यघटना आणि १९६३ पासून निवडून दिलेले सभागृह होते. या सभागृहात मंत्र्यांना उभे करून जाब विचारला जाई, म्हणून साऱ्या आखातात त्याचे नाव होते. निवडून द्यायच्या जागा ५०. देशाचे ५ मतदारसंघ, प्रत्येकातून १० जण. मतदाराने एकाच उमेदवाराला एक मत द्यायचे आणि ज्यांना जास्त मते पडतील ते पहिले १० निवडून आले. राजकीय पक्षांना मान्यता नाही. त्यामुळे पक्षाचे निशाण नाही, मिरवणूक नाही, भोंगा नाही. उमेदवार आपल्या बैठकीच्या दालनात लोकांना बोलावतो. त्या दालनाला तिकडे दिवाणिया म्हणतात. आपला दिवाणखाना आठवावा. लोक गालिच्यावर बसतात, कहवा पितात आणि उमेदवाराला प्रश्न विचारतात.

४ एप्रिल २०२४ रोजी गुरुवार होता आणि रमजानचा महिना चालू होता. दिवसा उपवास, म्हणून मतदान दुपारी १२ ला सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालले. केंद्रे शाळांमध्ये, आपल्यासारखीच. पुरुषांची वेगळी, स्त्रियांची वेगळी. प्रत्येक केंद्रावर देखरेखीला न्यायाधीश. आमची कंपनीची बस संध्याकाळी कामावरून परतताना एका शाळेजवळ थांबली. पुढे मोटारींची रांग लागलेली होती. पांढऱ्या डगल्यातले पुरुष, काळ्या अबायातल्या स्त्रिया, काही आजीबाई चाकाच्या खुर्चीत. मतदान करून बाहेर पडणारा चेहरा कसा असतो हे आम्ही गावात अनेकदा पाहिले आहे. तोच चेहरा तिथे दिसला. माणूस थोडा ताठ चालतो.

त्या देशातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो २००५ साली. २००६ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदा मत दिले, आणि २००९ ला ४ स्त्रिया निवडून आल्या. म्हणजे चाकाच्या खुर्चीतली ती आजी आयुष्याची बहुतेक वर्षे मताविना राहिलेली असणार. आमच्या आईने मात्र वयात आल्यापासून मत दिले. आईच्या आईनेही दिले. तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण चित्र पाहून शिक्का मारता येत होता. पेण-रोह्यातली शेतमजूर बाई या बाबतीत एका श्रीमंत तेलदेशातल्या बाईच्या ५० वर्षे पुढे होती. हे कोणामुळे झाले, ते या पत्राच्या वाचकांना सांगावे लागत नाही.

आता आकडा पाहा. त्या निवडणुकीत कुवेतचे एकूण मतदार होते सुमारे ८ लाख ३५ हजार. आणि भारतीय १० लाख. मत देणाऱ्यांपेक्षा आम्हीच जास्त! रस्ते आम्ही झाडत होतो, तेलाच्या टाक्या आम्ही जोडत होतो, रुग्णालयात इंजेक्शन आमच्या केरळच्या भगिनी देत होत्या. शाळेच्या दारातली ती रांग मात्र आमची नव्हती. याबद्दल आम्ही त्या देशाला दोष देत नाही. परक्या नागरिकाला राष्ट्रीय निवडणुकीत मत नाही, हा बहुतेक देशांचा नियम आहे. इंग्लंडसारखा अपवाद विरळा. तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. पण इंग्लंडला जाणारा वेगळा आणि डोक्यावर हेल्मेट घालून आखातात जाणारा वेगळा.

बसमध्ये शेजारी बसलेला आमचा बिहारी सोबती म्हणाला, "इनका चुनाव है, हमको क्या?" आम्ही त्याला म्हटले, आपले मत कुठे आहे ते आधी बघ, मग बोल.

वकिलातीच्या दारातली रांग

परदेशी कामगाराला मत देताच येत नाही, असे मात्र नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इजिप्तची अध्यक्षपदाची निवडणूक झाली. परदेशातल्या इजिप्शियन लोकांसाठी १ ते ३ डिसेंबर असे तीन दिवस त्यांच्या वकिलातींत मतपेट्या ठेवल्या होत्या. आमच्या कामावरचा एक इजिप्शियन फोरमन सकाळी रजा टाकून गेला, मत देऊन आला आणि दुपारी पुन्हा पाइपांजवळ उभा राहिला. फिलिपाइन्सने तर २००३ सालीच तसा कायदा केला आणि २००४ पासून त्यांचे परदेशातले कामगार मत देऊ लागले. घरकाम करणारी फिलिपिनो बाई आपल्या वकिलातीत जाऊन आपल्या देशाचा अध्यक्ष निवडते. तिच्या शेजारच्या स्वयंपाकघरात काम करणारी आंध्रची बाई मात्र काही करू शकत नाही.

बरे, आपल्या वकिलातीतल्या सरकारी कर्मचाऱ्याला मत आहे. भारत सरकारच्या नोकरीत परदेशी नेमलेला माणूस सेवा मतदार ठरतो, आणि त्याला टपालाने मत देता येते. सीमेवरच्या जवानाला तर आता मतपत्रिका संगणकावरून जाते. ते भरून टपालाने पाठवतात. हे योग्यच आहे. आपल्या वाड्यांतून कितीतरी मुले सैन्यात आहेत, त्यांचा हक्क त्यांना मिळालाच पाहिजे. पण एकाच शहरात राहणाऱ्या दोन भारतीयांपैकी एकाचे मत टपालाने जाते आणि दुसऱ्याचे जात नाही. एक सरकारी खुर्चीवर आहे, दुसरा उन्हात परांचीवर आहे, एवढाच काय तो फरक. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व इथे कुठे गेले?

आमच्या पेणच्या मूर्तिशाळांतले गणपती दरवर्षी खोक्यात बंद होऊन जहाजाने परदेशात जातात. वेळेवर पोहोचतात, तडा जात नाही. आमचा पगार कुवेतहून पेणच्या बँकेत येतो तो पुरे दोन दिवसही घेत नाही. मूर्ती जाते, पैसा येतो. एक मतपत्रिका तेवढी येऊ-जाऊ शकत नाही, हे कोणी आम्हाला समजावून सांगावे.

७ मे २०२४ : आपले मतदान

१४ एप्रिलला रविवार होता, पण तिकडे रविवार कामाचा. रात्री खोलीतच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना घेतली आणि सर्वांनी मिळून खीर केली. त्या रात्री चर्चा होती ती मतदानाची. लोकसभेची निवडणूक सात टप्प्यांत होती आणि रायगडचे मतदान तिसऱ्या टप्प्यात, ७ मे २०२४ ला.

आम्ही त्या आधीच्या हिवाळ्यात नमुना ६-अ भरून परदेशातील मतदार म्हणून नाव नोंदवले होते. पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर उभे राहावे लागते. कंपनीचे शटडाउनचे काम जोरात, रजा नामंजूर. रजा मिळाली असती तरी जाण्या-येण्याच्या तिकिटात महिन्याचा पगार गेला असता. आणि मत देताना दाखवायचा असतो तो मूळ पासपोर्ट. तो कोणाकडे? कंपनीच्या कपाटात. असे करू नये असा तिकडचाही नियम आहे, पण कपाटाची किल्ली कामगाराकडे नसते.

कुवेतचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. पेण-रोह्यात सकाळी ७ ला मतदान सुरू झाले तेव्हा आमच्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. तेवढ्यात मोबाईल वाजू लागला. शाई लावलेल्या बोटांचे फोटो. पहिला फोटो आमच्या मुलीचा, तिचे पहिलेच मत. मग सौं.चा. मग शेजारच्या काकांचा. खोलीतल्या सहाही जणांनी ते फोटो पाहिले. तेलंगणाच्या मित्राचे मतदान त्यानंतर होते, बिहारवाल्याचेही. त्यांच्याही मोबाईलवर पुढे असेच फोटो यायचे होते.

दुपारी आईचा फोन आला. आई म्हणाली, "अरे, यादीत शेवटच्या पानावर तुझं एकट्याचंच नाव होतं. आपल्या पोरानं वाचून दाखवलं. म्हणाला, आजी, हा आला नाय का? मी म्हटलं, नाव हाय ना? मग हाय तो." आम्ही काही बोलू शकलो नाही. मग तिनेच विचारले, "जेवलास का?"

त्या दिवशी रायगडमध्ये मतदान झाले सुमारे ६० टक्के. म्हणजे १०० पैकी ४० जण आले नाहीत. त्यातले किती जण आळसाने आले नाहीत आणि किती जण येऊच शकत नव्हते, याची गणती कोणी करीत नाही. दोघांची नोंद सारखीच, गैरहजर. आम्ही हजेरीचे काम करणारे. आमच्या वहीत तरी रजा, आजारपण आणि बिनपगारी असे वेगळे शेरे असतात.

एक मत किती वजनाचे असते, हे याच रायगड मतदारसंघाने २०१४ साली पाहिले आहे. त्या लोकसभा निवडणुकीत अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा पराभव केला तो अवघ्या २,११० मतांनी. कोणाचा विजय बरा आणि कोणाचा वाईट, हा आमचा विषय नाही. आमचा विषय एवढाच की सहा विधानसभा मतदारसंघ मिळून झालेल्या लोकसभेच्या जागेचा निकाल दोन हजार मतांवर ठरला. तेवढी माणसे आपल्या दोन-तीन तालुक्यांतून सहज बाहेर असतात.

१० मे २०२४ : सभागृह बंद

आपल्याकडे मतदान झाले आणि तिसऱ्याच दिवशी, १० मे २०२४ रोजी, कुवेतच्या अमिरांनी सभागृह बरखास्त केले. घटनेतली काही कलमेही जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. ४ एप्रिलला निवडून आलेल्या त्या ५० जणांच्या सभागृहाची पहिली बैठकसुद्धा झाली नाही. मत दिले, मोजले, निकाल लागला, आणि सगळे कागदावर राहिले. सभागृह आणि सरकार यांच्यातल्या भांडणाने राज्यकारभार अडला, असे कारण सांगण्यात आले. ते खरे की खोटे हे ठरवणारे आम्ही कोण? त्या संध्याकाळी रस्त्यावर काही वेगळे दिसले नाही. दुकाने उघडी होती, बसेस चालू होत्या.

पण आम्हाला ती चाकाच्या खुर्चीतली आजी आठवली. इतक्या वर्षांनी मिळालेले मत एका संध्याकाळी थांबले. जे वरून मिळते ते वरून काढून घेता येते, हा त्यातला धडा. आपल्याकडेही आणीबाणीत, १९७६ साली, लोकसभेची मुदत वाढवून निवडणूक पुढे ढकलली होती. पण मार्च १९७७ मध्ये मतदान घ्यावेच लागले, आणि लोकांनी सत्ता बदलली. आपला मताचा हक्क राजाच्या मर्जीवर उभा नाही. संविधानाच्या ३२६ व्या कलमावर उभा आहे.

बाबासाहेब लंडनमध्ये असताना

परदेशात असताना दुसऱ्यांची सार्वत्रिक निवडणूक भोवती घडत असल्याचा प्रसंग प.पू. बाबासाहेबांच्या आयुष्यातही आला होता. दुसरी गोलमेज परिषद ७ सप्टेंबर ते १ डिसेंबर १९३१ या काळात लंडनमध्ये भरली. बाबासाहेब तिथे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. नेमक्या त्याच दिवसांत, २७ ऑक्टोबर १९३१ ला, इंग्लंडची सार्वत्रिक निवडणूक झाली. एकवीस वर्षांवरील प्रत्येक इंग्रज स्त्री-पुरुषाला तेव्हा मत होते. तिथल्या स्त्रियांना हा समान हक्क १९२८ ला मिळाला होता. खाणीतला मजूर आणि मोलकरीण मत देत होती.

आणि त्याच वेळी इकडे कुलाबा जिल्ह्यात काय होते? मत कोणाला, तर ज्याची मालमत्ता आहे, जो कर भरतो, जो शिकलेला आहे त्याला. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला मत नाही, मग महारवाड्यातल्या माणसाचे नावच सोडा. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या मताचा प्रश्न मांडला होता, आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. अडाणी माणसाला मत कशाला, असे तेव्हाचे मोठमोठे लोक विचारीत. बाबासाहेबांचे म्हणणे असे की ज्याच्या जगण्यावर कायद्याचा परिणाम होतो, त्याचा कायदा करणारा निवडण्यात वाटा असलाच पाहिजे. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच तत्त्वावर झाली. १७ कोटींहून अधिक मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर. आपल्या कुलाबा मतदारसंघातून तेव्हा रोह्याशी नाते असलेले चिंतामणराव देशमुख निवडून गेले. त्या रांगेत आपल्या वाड्यांतले स्त्री-पुरुष पहिल्यांदा उभे राहिले.

ज्याच्या जगण्यावर परिणाम होतो त्याला वाटा, हीच कसोटी आज आखातातल्या कामगाराला लावून पाहा. एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, परदेशात अडकलेल्याला सोडवणारी यंत्रणा, विमानाचे भाडे, मृतदेह घरी आणण्याची सोय, हे सर्व दिल्लीत ठरते. त्याचा ज्याच्यावर परिणाम होतो तोच मतदानाला गैरहजर.

मंगफची आग

१२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. बहुतेक झोपेतच धुराने गुदमरले. आमची वस्ती तिथून दूर नव्हती. त्या दिवशी आम्ही कामावर आलेल्या माणसांची नावे वाचली तेव्हा प्रत्येक "हजर" शब्द मोठ्याने येत होता. १४ जूनला वायुसेनेच्या विमानातून शवपेट्या कोचीला गेल्या.

दुर्घटनेनंतर तपासण्या झाल्या, दाटीवाटीच्या इमारती रिकाम्या करण्यात आल्या. हे सर्व आधी का झाले नाही? आम्ही असे म्हणत नाही की मत असते तर आग लागली नसती. पण मुंबईतल्या झोपडपट्टीत नळ येतो, वीज येते, त्याचे एक कारण हे की तिथे मते आहेत. दर पाच वर्षांनी कोणाला तरी त्या गल्लीत यावे लागते. कामगारांच्या खोलीकडे कोण येणार? तिथल्या उमेदवाराला आमची गरज नव्हती, आणि इथल्या उमेदवाराला आमचे मत पेटीत पडणार नाही हे ठाऊक होते. दोन देशांच्या मध्ये आमची माणसे अशी बिनमताची राहतात.

कायदा कुठे अडला

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालण्याचा हक्क २०१० सालच्या दुरुस्तीने दिला, आणि तो २०११ पासून अमलात आला. पण मत केंद्रावर येऊनच द्यायचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेने एक विधेयक मंजूर केले. परदेशातील मतदाराला आपल्या वतीने दुसऱ्याला मत देण्यास नेमता यावे, असे ते होते. राज्यसभेत ते मंजूर झाले नाही आणि २०१९ ला लोकसभेबरोबर बाद झाले. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने टपाली मतदानाची तयारी दाखवली. तरी २०२४ ची निवडणूक जुन्याच पद्धतीने झाली. परिणाम काय? परदेशात दीड कोटीच्या आसपास भारतीय नागरिक. त्यांपैकी २०२४ ला नाव नोंदवले सुमारे १ लाख १९ हजारांनी. आणि प्रत्यक्ष येऊन मत दिले ३ हजारांहूनही कमी लोकांनी, तेही बहुतेक केरळचे.

हा केवळ विमानाने जाणाऱ्यांचा प्रश्न आहे, असेही कोणी समजू नये. पेण, रोहा, सुधागड भागातले आपले कातकरी बांधव दिवाळी झाली की बायकामुलांसह वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. काही कर्नाटकापर्यंत जातात. पावसाच्या तोंडावर परततात. लोकसभेचे मतदान नेमके एप्रिल-मेमध्ये! त्यांना भट्टीवरून सोडणार कोण? जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्र राजकीय पक्षांना दाखवण्यासाठी बोलावले. अनेक पक्षांनी शंका काढल्या आणि प्रकरण तिथेच थांबले. शंका असाव्यात, यंत्राची परीक्षाही व्हावी. पण शंका काढून गप्प बसणे म्हणजे भट्टीवरच्या माणसाला उत्तर देणे नव्हे.

घरच्यांनी काय करावे

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हाती असलेले काम आपण चोख केले पाहिजे.

पहिली गोष्ट, यादी. घरोघर तपासणी होते तेव्हा बाहेर असलेल्याचे नाव "स्थलांतरित" म्हणून निघू शकते. दरवर्षी यादी प्रसिद्ध झाली की घरातल्या शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने घरातल्या प्रत्येकाचे नाव त्यात पाहावे. वाडीच्या वहीत "गावात" आणि "बाहेर" यांच्यापुढे तिसरा रकाना काढावा, "यादीत नाव आहे की नाही".

दुसरी गोष्ट, नमुना ६-अ. परदेशात नोकरीला असलेल्या आणि भारतीय नागरिकत्व न सोडलेल्या माणसाने तो भरावा. संगणकावरून भरता येतो. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे त्या मतदारसंघाच्या यादीत, शेवटी वेगळ्या भागात नाव येते. अशा मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही. मत देताना मूळ पासपोर्ट दाखवायचा. कायमचे परत आल्यावर साधा नमुना ६ भरून पुन्हा नेहमीचे मतदार व्हावे. पेण आणि रोह्याच्या तहसील कचेरीत, किंवा आपल्या भागाच्या बीएलओकडे याची चौकशी करावी.

कोणी म्हणेल, येताच येत नाही तर नाव घालून उपयोग काय? उपयोग आहे. आज कोणालाही म्हणता येते, परदेशातले लोक नावच नोंदवीत नाहीत, मग त्यांच्यासाठी सोय कशाला? शेवटच्या पानावर एक नाव असेल तर ते कोणी वाचत नाही. गावोगावच्या शेवटच्या पानांवर वीस-वीस नावे आली तर विचारावेच लागेल, ही माणसे कुठे आहेत.

तिसरी गोष्ट, घरातल्या बायकांचे मत. पुरुष परदेशात असला की घराचा सगळा भार बाईवर. मतदानाच्या दिवशी तिने "हे नाहीत, मी कशाला जाऊ" असे म्हणू नये. तिचे मत तिचे स्वतःचे आहे. नवऱ्याने फोनवरून सांगितलेल्या चिन्हासाठी नव्हे, तिच्या बुद्धीला पटेल त्या माणसासाठी.

आणि शेवटची गोष्ट, मागणी. मत मागायला वाडीत कोणत्याही पक्षाचा माणूस आला की रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर हाही प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा. वकिलातीत मतपेटी ठेवा, नाही तर जवानाप्रमाणे मतपत्रिका पाठवा. भट्टीवर गेलेल्या कातकऱ्यालाही जिथे असेल तिथे मत देऊ द्या. कशानेही करा, पण करा. फिलिपाइन्सला २००४ पासून जे जमते, ते जगातल्या सर्वांत मोठ्या लोकशाहीला जमत नाही, हे आम्हाला पटत नाही.

आपल्या आजोबांना मतासाठी जमिनीचा दाखला लागत होता. तो त्यांच्याजवळ नव्हता, कारण जमीनच नव्हती. संविधानाने ती अट मोडून टाकली. आज त्यांच्या नातवाला मतासाठी विमानाचे तिकीट लागते. नाव बदलले, अट पैशाचीच राहिली. ती मोडण्याचे काम आपले आहे.

जयभीम!